पी शेक, हो बारीक! आणि पुढे?

जेवणाऐवजी प्यायचे शेक बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या सर्व कंपन्यांना,

स. न. वि. वि.

तुमचे सात डबे अजून माझ्या घरात आहेत. डबे चांगले असतात, झाकण घट्ट बसतं, त्यामुळे टाकवत नाहीत. एकात शिवणाचं सामान आहे, एकात चार्जर आणि वायरींचा गुंता, एकात कुठल्या कुलपाच्या ते आठवत नाही अशा किल्ल्या. सातव्यात मात्र अजून तुमचीच पूड आहे. तळाशी दोन-तीन चमचे, मुदत केव्हाच उलटलेली. आठवा डबा आणायचा नाही असं ज्या दिवशी ठरवलं, त्या दिवशी माझं काय झालं ते तुम्हाला कळवायचं राहून गेलं होतं. डबे एकाच कंपनीचे नाहीत, म्हणून पत्र तुम्हा सगळ्यांना मिळून लिहिते आहे.

तुमच्या ग्राहकसेवेला तयार उत्तर चिकटवायची घाई व्हायला नको, म्हणून आधीच सांगते: शेकनं वजन उतरत नाही अशी माझी तक्रार नाही. उतरलं. सोळा आठवड्यांत अकरा किलो. सकाळी शेक, दुपारी शेक, रात्री घरातलं मोजकं जेवण. पहिला आठवडा डोकं दुखण्यात आणि चिडचिडीत गेला, बद्धकोष्ठ झालं, ते पाणी वाढवून आणि सॅलडचे डोंगर खाऊन आटोक्यात आणलं. व्हॅनिलाच्या वासाचा कंटाळा आला. पण काटा खाली जात होता आणि त्यापुढे बाकी सगळं क्षम्य वाटत होतं.

इथे ‘खऱ्या अन्ना’च्या कैवाऱ्यांनाही दोन शब्द सांगायला हवेत, कारण हे पत्र वाचून सगळ्यात आधी टाळ्या तेच वाजवतील. ‘ती पावडर म्हणजे नुसतं केमिकल, तिनं काही होत नाही’ हे त्यांचं पालुपद खरं नाही. ब्रिटनमध्ये ‘ड्रॉपलेट’ नावाची एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१८ साली आले. त्यात एका गटाला आठ आठवडे रोज सुमारे ८१० किलोकॅलरींचे शेक, सूप असं तयार अन्न दिलं आणि दुसऱ्याला दवाखान्यात नेहमी मिळतो तो सल्ला आणि आधार. वर्षानंतर पहिल्या गटाचं वजन सरासरी १०.७ किलोंनी उतरलेलं होतं, दुसऱ्याचं ३.१ किलोंनी. हा फरक ‘केमिकल’ म्हणून उडवून लावण्यासारखा नाही. ज्यांना हे खटकतं, त्यांनी खुशाल खटकून घ्यावं.

तर तुमची वस्तू चालते. का चालते, हे मात्र डब्याच्या दर्शनी बाजूला लिहिलेल्या कुठल्याच शब्दात सापडत नाही. ते आतल्या चमच्यात आहे. आपण किती खातो याचा माणसाचा अंदाज भलताच कच्चा असतो. ‘काहीच खात नाही तरी वजन हटत नाही’ असं प्रामाणिकपणे सांगणाऱ्या दहा जणांना १९९२ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात नीट तपासलं, तेव्हा त्यांनी आपल्या खाण्याची नोंद प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी केलेली निघाली. ती माणसं खोटारडी नव्हती. येताजाता तोंडात टाकलेला घास, मुलाच्या ताटात उरलेलं, भाजीत जरा सैल सुटलेला तेलाचा हात, हे कुणाच्या लक्षात राहतं? चमच्याला मात्र विसरायची सोय नाही. एक चमचा म्हणजे एक चमचा.

दुसरं एक कारण आहे आणि ते तुमच्या संशोधन विभागाला सुचलं असेल असं वाटत नाही. मी घरात स्वयंपाक करते. ‘आज काय करू?’ हा प्रश्न मला दिवसातून दोनदा पडतो, गेली पंचवीस वर्षं. सोळा आठवडे निदान माझ्यापुरता तो पडला नाही. इतरांसाठी रांधायचं, मिठाचा अंदाज दुसऱ्या कुणाकडून तरी चाखून घ्यायचा आणि आपण शेकर हलवायचा. आतला जाळीचा गोळा खडखडला की जेवण तयार. खरं सांगू? ती सुट्टी मला अकरा किलोंपेक्षाही आवडली होती.

सातवा डबा तळाला आला तसं ठरवलं, आता पुरे. दुपारी ताट घेऊन बसले आणि हातातला डाव पातेल्यावर तसाच राहिला. किती घ्यायचं? चार महिन्यांपूर्वी मी जास्त घेत होते एवढं ठाऊक होतं. कमी म्हणजे नेमकं किती, हे त्या चार महिन्यांत शिकलेच नव्हते, कारण तशी वेळच आली नव्हती. रात्रीचं एक जेवण होतं, पण दिवसभर दोन शेक झाले आहेत या भरवशावर तेही मी डोळे मिटून जेवत होते. सोळा आठवडे कुणीतरी हात धरून चालवावं आणि चौकात आणून अचानक हात सोडावा, तसं वाटलं.

उठून डबा पाहिला. चवींची यादी होती. थंड दुधात की पाण्यात, ते होतं. जीवनसत्त्वांचा तक्ता होता, ‘संतुलित आहार आणि व्यायामासोबत’ हे मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात होतं. शेक थांबवायचा कसा, याबद्दल एक ओळ नव्हती. मदतक्रमांकावर फोन केला. पलीकडची मुलगी गोड बोलली. म्हणाली, वजन टिकवायचं तर रोज एक शेक चालू ठेवा, आणि सध्या दोन डब्यांवर सवलत आहे. तिचा दोष नाही, तिच्यासमोरच्या कागदावर तेवढंच लिहिलेलं असणार.

पुढच्या चौदा महिन्यांत नऊ किलो परत आले.

तेव्हा मी स्वतःलाच बोल लावला. जीभ ताब्यात नाही, मन खंबीर नाही, वगैरे. नंतर बरंच वाचलं आणि कळलं की गणित एवढं सोपं नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात, जो २०११ साली प्रसिद्ध झाला, पन्नास जणांना दहा आठवडे अगदी कमी कॅलरींच्या आहारावर ठेवलं होतं. त्या आहाराचा कणा तुमच्यासारखीच पूड होती. सरासरी साडेतेरा किलो उतरले. मग वर्षभरानं त्यांचं रक्त तपासलं, तेव्हा भूक चेतवणारं घ्रेलिन हे संप्रेरक अजून चढलेलंच होतं आणि पोट भरल्याची वर्दी देणारं लेप्टिन हे संप्रेरक अजून खालीच. म्हणजे काटा खाली गेला तरी शरीर वर्षभर जुन्या वजनाची वसुली करत फिरत असतं. भर म्हणजे लहान झालेल्या शरीराला लागतंही कमी. भूक जास्त, गरज कमी. नेमक्या याच दिवसांत तुमचा डबा संपतो.

आता तुमच्या जाहिरातीतल्या आकड्यांकडे येते. ‘शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध’ असं लिहून तुमच्यातले काही जण ज्या चाचण्यांकडे बोट दाखवतात, त्यातली सगळ्यात गाजलेली ‘डायरेक्ट’. स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या टाइनसाइड भागातली, प्राध्यापक माइक लीन आणि रॉय टेलर यांनी चालवलेली. टाइप २ मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आत असलेली, इन्सुलिनवर नसलेली सुमारे तीनशे माणसं त्यात होती. रोज ८२५ ते ८५३ किलोकॅलरींचे शेक आणि सूप. वर्षानंतर शेकच्या गटातल्या ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधांशिवाय माघारी गेलेला होता, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ४ टक्के. मधुमेह ही फक्त चढत जाणारी पायरी असते, हा समज त्या आकड्यानं हलवला. मोठीच गोष्ट आहे, तिचं श्रेय कमी करायचं नाही मला.

पण ती चाचणी संपूर्ण वाचा. शेक होते तीन ते पाच महिने. त्यानंतर दोन ते आठ आठवडे फक्त परतीचे: अन्न टप्प्याटप्प्यानं आत, शेक टप्प्याटप्प्यानं बाहेर. त्यापुढे दर महिन्याला भेट, आणि वजन थोडं जरी चढलं तरी काय करायचं याची ठरलेली योजना. हे सगळं प्रशिक्षित नर्स किंवा आहारतज्ज्ञांच्या हाताखाली. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांच्या देखरेखीत थांबवलेल्या. ‘ड्रॉपलेट’मध्येही आठ आठवड्यांनंतर चार आठवडे अन्नाकडे वळण्याचे होते, आणि सोबत समुपदेशक. संशोधकांनी जे सिद्ध केलं ते एवढं सगळं मिळून. तुम्ही त्यातली पूड उचलली, आकडा उचलला आणि उरलेला निम्मा प्रयोग तिथेच ठेवून आलात. लग्नाच्या पत्रिकेवरून वराचं नाव खोडून वऱ्हाड बोलवावं, तसा हा प्रकार.

एवढा आधार असूनही काय झालं पाहा. ‘डायरेक्ट’मध्ये पंधरा किलो किंवा जास्त वजन उतरवलेले पहिल्या वर्षाअखेर २४ टक्के होते, दुसऱ्या वर्षाअखेर ११ टक्के. मधुमेह माघारी गेलेले ४६ वरून ३६ टक्क्यांवर आले. ‘ड्रॉपलेट’चे १०.७ किलो तीन वर्षांनी ६.२ वर आले. तरीही इतर गटापेक्षा बरेच, हे मान्य. मुद्दा हा की महिनोन् महिने कुणीतरी पाठीशी उभं असताना एवढी घसरण होते, तर एकटीनं डबा विकत घेऊन स्वयंपाकघरात उभी असलेली बाई काय करणार?

चघळण्याबद्दलही थोडं बोलायला हवं. एरवी हा विषय आजीच्या उपदेशात जमा होतो. ब्रिटनमध्ये १९७७ साली दहा जणांवर एक छोटा, सुबक प्रयोग झाला. सारख्याच कर्बोदकांची सफरचंदं त्यांना तीन रूपांत दिली: अख्खी, लगदा करून आणि रस काढून. रस अख्ख्या फळांपेक्षा अकरा पट वेगानं पोटात गेला. समाधान सगळ्यात जास्त अख्ख्या फळानं दिलं, सगळ्यात कमी रसानं. पुढे २००० साली अमेरिकेत पंधरा जणांना चार आठवडे रोज ४५० किलोकॅलरी जेलीच्या गोड गोळ्यांच्या रूपात आणि आणखी चार आठवडे तेवढ्याच साखर घातलेल्या सोड्याच्या रूपात दिल्या, काहींना उलट क्रमानं. गोळ्या खाल्लेल्या काळात माणसं बाकीचं जेवण आपोआप कमी करत होती. सोड्याच्या काळात नाही. प्यायलेलं शरीराच्या हिशोबवहीत नीट चढत नाही.

तुमचा शेक म्हणजे सोडा नाही, हे मला कळतं. त्यात प्रथिनं असतात, बहुतेकांत तंतूही असतात, आणि प्रथिनांनी पोट बराच वेळ धरून राहतं. अकरा वाजेपर्यंत मला खरंच भूक लागत नसे. पण अडीच मिनिटांत जेवण संपायची एक सवय लागते. त्या चार महिन्यांत मी घास चघळून, मध्ये थांबून, ‘आता बास’ असं आतून ऐकू येईपर्यंत वाट पाहण्याचा सराव दिवसातून दोनदा चुकवला. नंतर जेवायला बसले ती शेक पितात त्याच घाईनं.

हे सगळं नवं असतं तर तुम्हाला माफ केलं असतं. नवं नाही. ‘मेट्रेकल’ नावाचं पेय अमेरिकेत १९५९ साली आलं, दिवसाला चार पेले, मिळून ९०० किलोकॅलरी. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात तिथेच द्रवरूप प्रथिनांची लाट आली. जनावरांच्या कातडी-हाडांतल्या स्वस्त कोलॅजनपासून बनवलेली ती निकृष्ट प्रथिनं हा काहींचा दिवसभराचा एकमेव आहार होता. पन्नासहून जास्त मृत्यूंची नोंद झाली, त्यातल्या अनेकांच्या हृदयाचे ठोके अनियमित झाले होते. आजचे शेक त्यापेक्षा फार वेगळे आणि सुरक्षित आहेत, कारण त्या प्रकरणानंतर त्यात काय आणि किती असावं यावर लक्ष गेलं. आत काय असावं हा प्रश्न सुटला. संपल्यावर काय, हा तसाच राहिला. अमेरिकन टीव्हीवरची प्रसिद्ध सूत्रसंचालिका ऑप्रा विन्फ्री हिनं १९८८ साली द्रव आहारावर ६७ पौंड, म्हणजे तीस किलो उतरवले आणि तेवढी चरबी छोट्या गाडीत भरून आपल्या कार्यक्रमात ओढत आणली. त्या दिवसाचं चित्र अजून फिरतं. वजन परत आलं हेही तिनंच नंतर अनेकदा मोकळेपणानं सांगितलं. पैसा, आचारी, प्रशिक्षक, कशाचीच ददात नसलेल्या बाईची ही गोष्ट.

नियमांचं म्हणाल तर युरोपीय संघाच्या नियमात एक वाक्य आहे, ते मला फार आवडतं. वजन कमी करण्याच्या या उत्पादनांसोबत ग्राहकाला सांगायचं असतं की कमी उष्मांकाच्या आहाराचा भाग म्हणूनच ती उपयोगी आहेत आणि इतर अन्न हा त्या आहाराचा आवश्यक भाग असायला हवा. शिवाय किती किलो, किती दिवसांत, असा दावा तिथे करता येत नाही. तुमच्यातले काही जण तिथे हे मुकाट पाळतात आणि जिथे कुणी विचारत नाही तिथे ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो छापतात. त्या फोटोंखाली तारीख का नसते, हो? ‘नंतर’नंतरचा फोटो कधी छापलाय कुणी?

एका गोष्टीवर मात्र मी रागानं लिहिते आहे, बाकी पत्राचा सूर विसरा. ओळखीतल्या एका गृहस्थांनी दोन जेवणांऐवजी शेक सुरू केले, मधुमेहाच्या गोळ्या नेहमीच्याच ठेवून. त्यांच्या गोळ्या साखर जोरात खाली आणणाऱ्या गटातल्या होत्या. चौथ्या दिवशी भर दुपारी घामानं डबडबले, बोलणं अडखळलं. बायकोनं प्रसंगावधान राखून साखर पाजली म्हणून निभावलं. डॉक्टरांनी विचारलं, मला का नाही सांगितलंत? ते म्हणाले, औषध थोडंच होतं ते, दुकानात मिळतं. त्यांचा तर्क चुकीचा म्हणता येईल का? इन्सुलिन किंवा साखरेच्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी घेऊ नये, खाण्याशी ज्यांचं कधी आजारपणाचं नातं होतं त्यांनी दूर राहावं, भराभर वजन उतरलं तर पित्ताशयात खडे होऊ शकतात. हे चार-पाच वाक्यांचं काम आहे. ते चवीच्या नावाएवढ्या मोठ्या अक्षरात छापा.

दुसरी मागणी परतीच्या वाटेची. संशोधकांनी ती आखून ठेवलेली आहे, तुम्हाला नवीन काही शोधायचं नाही. पहिले दोन आठवडे एक शेक कमी, त्या जागी अमुक एवढं जेवण. किती, ते वजनात आणि आकारात दाखवा, म्हणजे डाव पातेल्यावर अडणार नाही. डाळी, अंडी, मासे, दही यांतलं काहीतरी एक, अर्धं ताट भाज्या, मूठभर धान्य, एवढं साधं चित्र पुरेल. मग पुढचे दोन आठवडे दुसरा शेक. दर आठवड्याला काट्यावर उभं राहणं, आणि दोन किलो चढले तर काय करायचं ते आधीच लिहिलेलं. तुमचा चमचा त्या वेळी फेकू नका म्हणावं, भात आणि तेल मोजायला तो उत्तम आहे. मी तो वर्षभर वापरते आहे.

आणि जाहिरातीत बारा आठवड्यांचा आकडा देत असाल, तर त्याच अक्षरात दोन वर्षांनंतरचा द्या. नसेल तर ‘मोजला नाही’ असं लिहा. साधा प्रथिनांचा डबा आणि जेवणाऐवजीचा डबा शेजारी-शेजारी, सारख्याच रंगात ठेवणंही बंद करा. व्यायामानंतरची प्रथिनांची पूड पाण्यात कालवून ‘जेवण झालं’ म्हणणारी किमान तीन माणसं माझ्या ओळखीत आहेत. त्या पुडीत जेवणातली निम्मी जीवनसत्त्वंही नसतात.

तुमचा धंदा बुडावा असं मला वाटत नाही. रात्रपाळी करणारी, प्रवासात असणारी, स्वयंपाकघरच नसलेली माणसं आहेत. ज्यांचा गुडघा किंवा साखर वाट पाहू शकत नाही अशी आहेत. त्यांना शेक हा आधार आहे. मी स्वतःही परवा धावपळीच्या दिवशी दुपारी एक प्यायले, आणि रात्री नीट जेवले. गेल्या वर्षभरात माझे सहा किलो उतरलेत, हळूहळू, ताटातूनच. मध्ये दोन महिने काटा हललाही नाही. त्याचा फोटो काढण्यासारखं काही नव्हतं.

जागा नाही, असं तुम्ही म्हणाल याची कल्पना होती. म्हणून काल सातवा डबा काढून पट्टीनं मोजला. मागच्या बाजूला, जीवनसत्त्वांच्या तक्त्याच्या खाली, ‘आमच्या इतर चवी चाखून पाहा’ असं लिहिलेला एक चौकोन आहे. आठ सेंटिमीटर बाय सहा. परतीचा तक्ता त्यात आरामात बसतो, मी पेन्सिलीनं लिहून पाहिला आहे.

कळावे,

तुमची एक जुनी ग्राहक